लांब पल्ल्याचा ट्रक नव्यानं हाती आलाय? आधी थांबायला शिका

लायसन्स मिळालं, ट्रेनिंग झालं, मोठी गाडी हाती आली आणि पहिली लांबची फेरी समोर आहे. अशा वेळी नव्या ड्रायव्हरच्या मनात एकच धाकधूक असते, की गाडी नीट चालवता येईल ना? येते. गिअर, स्टिअरिंग, गाडीची रुंदी यांवर काही आठवड्यांत हात बसतो. नवा माणूस अडकतो तो थांबण्याशी. किती आधी ब्रेक लावायचा, कुठं गाडी उभी करायची, केव्हा खाली उतरून बघायचं, झोप आली हे कधी मान्य करायचं आणि मालकाला ‘आज एवढंच’ असं कधी सांगायचं, हे कुठल्याही परीक्षेत नीट विचारलं जात नाही. लांबच्या कामात मात्र दिवस त्यावरच उभा असतो. म्हणून हा लेख एका फेरीच्या क्रमानं लिहिला आहे, आणि ‘थांबणं’ जिथं जिथं येतं तिथं मी मुद्दाम जास्त वेळ काढला आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी

फेरीची तयारी आदल्या रात्रीच्या झोपेपासून सुरू होते. पहाटे चारला निघायचं असेल तर रात्री आठला अंथरुणात असायला हवं. घरची कामं, बॅग भरणं, मोबाइल हे सगळं त्याच्या आत उरकायचं. झोपेची उधारी घेऊन निघालेला ड्रायव्हर पहिल्याच दुपारी ती फेडायला लागतो.

मग रस्ता बघा. मोबाइलवरचे नेहमीचे नकाशे कारसाठी केलेले असतात. त्यांना तुमच्या गाडीची उंची, वजन, लांबी ठाऊक नसते. ट्रकसाठीचं नेव्हिगेशन मिळत असेल तर ते वापराच, आणि तरीही रस्ता एकदा स्वतःच्या डोळ्यांनी नकाशावर तपासा. कमी उंचीचे पूल, वजनाची मर्यादा असलेले पूल, जड वाहनांना बंदी असलेल्या वेळा आणि मोठे चढ-उतार कागदावर उतरवून घ्या. गाडीची उंची मीटरमध्ये कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. पुलाखाली जाताना ती आठवत बसायची नसते, वाचायची असते. आणखी एक गोष्ट नव्यांच्या लक्षात येत नाही. रिकामा ट्रेलर भरलेल्या ट्रेलरपेक्षा थोडा उंच असतो, कारण स्प्रिंगवरचा भार गेलेला असतो. जाताना ज्या पुलाखालून जेमतेम निघालात, तिथून रिकामे परतताना निघालच याची खात्री नाही.

वेळेचा हिशेब स्पीडोमीटरवर करू नका. काटा ८० वर असला तरी वळणं, गर्दी, डिझेल, चेकनाके, जेवण हे सगळं धरून दिवसाची सरासरी बरीच खाली येते. सुरुवातीला तासाला ५५ ते ६० किलोमीटरच्या हिशेबानं वेळ सांगा. लवकर पोचलात तर कुणी रागावत नाही. एक साधं गणित मी नव्या मुलांना नेहमी करायला लावतो: ५०० किलोमीटर ८० च्या वेगानं सव्वासहा तासांत होतात आणि ७५ च्या वेगानं सहा तास चाळीस मिनिटांत. फरक २५ मिनिटांचा. एवढ्यासाठी अंतर कमी ठेवणं, धोक्याचं ओव्हरटेक आणि वाढीव डिझेल हे सगळं पदरात घ्यायचं का, ते आपलं आपण ठरवावं.

गाडीभोवती एक प्रदक्षिणा

रोज सकाळी, आणि प्रत्येक मोठ्या थांब्यानंतर, गाडीला एक पूर्ण फेरी मारायची. नेहमी त्याच बाजूनं सुरू करा आणि त्याच क्रमानं करा, म्हणजे कुणी मध्येच बोलावलं तरी कुठं राहिलो होतो ते कळतं.

इंजिन थंड असताना ऑइल, कूलंट आणि गाडीखालच्या जमिनीवरचे डाग बघा. दिवे, इंडिकेटर, ब्रेकलाइट तपासा. मागचे दिवे एकट्याला दिसत नसतील तर भिंतीवर किंवा मागच्या गाडीच्या काचेत त्यांचा उजेड पडलेला दिसतो. टायरला लाकडानं ठोकून आवाज ऐकायची सवय चांगली आहे, पण त्यातून फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो. हवा थोडी कमी असलेला टायर गेजशिवाय सापडत नाही, आणि रस्त्यावर घात करतो तो हाच. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यातून उष्णता वाढत जाते आणि शेवटी टायर फुटतो. प्रेशर टायर थंड असतानाच मोजा. चालून तापलेल्या टायरचं प्रेशर वाढलेलं दिसतं, ते बघून हवा सोडू नका. मागच्या जोडीतला आतला टायर हमखास राहून जातो, कारण तिथवर हात नेणं अवघड असतं. नेमका तोच बघा, आणि दोन टायरांच्या फटीत अडकलेला दगड काढून टाका. व्हील नटपासून गंजाचे ओघळ निघालेले दिसले तर तो नट ढिला असू शकतो. चाक बदललं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर थांबून नट पुन्हा आवळा.

एअर ब्रेकची, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची, परीक्षा वेगळी आणि रोजची. प्रेशर पूर्ण भरू द्या, गाडी ढळू नये म्हणून चाकाला ठोकळा लावा, इंजिन बंद करा, पार्किंग ब्रेक सोडा. मग ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरून ठेवा आणि काट्याकडं बघा. दाबताक्षणी काटा थोडा खाली येणारच. त्यानंतर तो स्थिर राहायला हवा. डोळ्यांसमोर उतरत असेल किंवा कुठून फुसफुस ऐकू येत असेल तर गळती आहे, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवायची नाही. हवेचं प्रेशर फार उतरलं की पार्किंग ब्रेकच्या स्प्रिंग आपोआप चाकं धरतात. ही सोय तुमच्या रक्षणासाठी आहे, पण भर वेगात ती लागली तर गाडी ताब्यात ठेवणं कठीण. म्हणून कमी प्रेशरचा इशारा वाजला की लगेच सुरक्षित जागा बघून थांबा.

ट्रेलर जोडत असाल तर ‘खट्’ असा आवाज आला म्हणून जोडणी झाली असं धरू नका. खाली उतरा, टॉर्च घ्या आणि फिफ्थ व्हीलचा (ट्रकवरची ट्रेलर जोडायची प्लेट) जबडा किंगपिनभोवती (ट्रेलरखालची जाड पिन) बंद झालाय का ते डोळ्यांनी बघा. वरची प्लेट आणि ट्रेलर यांच्यात फट दिसता कामा नये. मग हवेचे पाइप आणि दिव्यांची वायर जोडा, आणि ट्रेलरचे ब्रेक लावलेले असताना गाडी हलकेच पुढं ओढून बघा. ट्रेलरचे पाय पूर्ण वर घ्यायला विसरू नका. मुक्कामानंतर सकाळी ही जोडणी पुन्हा बघायची, कारण रात्री कुणी लॉकचा दांडा ओढून ठेवलेला असू शकतो.

डिझेलबरोबर युरियाचं द्रावण लागणारी गाडी असेल तर दोन्ही टाक्यांची झाकणं नीट ओळखून ठेवा. हे द्रावण ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं असतं. ते डिझेलच्या टाकीत पडलं तर इंजिन चालू करू नका, किल्लीसुद्धा फिरवू नका. टाकी रिकामी करणं स्वस्तात पडतं, पंप आणि इंजेक्टर बदलणं फार महागात.

माल भरताना तिथंच उभे राहा

माल दुसऱ्यानं भरला तरी तो तुमच्या पाठीशी असतो. जोरात ब्रेक लागला की तो पुढं येऊ पाहतो, वळणावर बाहेरच्या बाजूला. युरोपमध्ये माल बांधण्याच्या मानकात हिशेब असा धरतात की पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागं ५० टक्के एवढा जोर बांधणीनं सोसला पाहिजे. म्हणजे १० टनांचा माल ब्रेक लागताच ८ टनांच्या जोरानं तुमच्या केबिनकडं ढकलला जाऊ शकतो. ‘एवढा जड माल कुठं हलतोय’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा लक्षात आणा. जड मालच जास्त जोरानं हलतो.

माल पुढच्या भिंतीला टेकवून, मध्ये फट न ठेवता लावून घ्या. फट राहिलीच तर ती लाकडानं किंवा हवेच्या पिशव्यांनी भरा. जड वस्तू खाली आणि वजन दोन्ही बाजूंना सारखं. सगळा भार मागं गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नीट लागत नाही. पुढं गेला तर एकाच एक्सलवर मर्यादेबाहेर वजन येतं आणि एकूण वजन बरोबर असूनही वजनकाट्यावर दंड होतो. धारदार कडेवरून पट्टा जात असेल तर खाली कोपरा-पट्टी ठेवा. तुटका, गाठ मारलेला पट्टा वापरू नका.

निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबून बांधणी बघायची. माल हादरून बसतो, पट्टे ढिले पडतात. अमेरिकेत ही तपासणी कायद्यानंच सांगितली आहे: पहिल्या ५० मैलांच्या आत एकदा, आणि पुढं दर १५० मैलांनी किंवा ३ तासांनी. तुमच्याकडं असा नियम असो वा नसो, सवय हीच ठेवा.

टँकर असेल तर अर्धी टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त त्रास देते. आतलं द्रव पुढं-मागं आणि बाजूला उसळत राहतं. गाडी थांबली तरी ती लाट मागून येऊन गाडीला पुढं ढकलते. अशा गाडीला ब्रेक हळू, सोडणं हळू आणि वळण त्याहून हळू.

रस्त्यावर: अंतर हेच तुमचं खरं ब्रेक

ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. समोर काही दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा: ३३ मीटर गेले. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यापासून हवा चाकापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो: आणखी ११ मीटर. त्यानंतर गाडीचा वेग उतरायला सुरुवात होते आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकनं ५० मीटर तरी लागतात. मिळून ९० मीटरच्या पुढं. ओल्या रस्त्यावर यात भर धरा. वेग दीडपट झाला की नुसतं ब्रेकनं जाणारं अंतर सव्वादोन पट होतं, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतं.

मीटरमध्ये अंतर मोजता येत नाही म्हणून सेकंद मोजा. अमेरिकेतल्या ट्रक-प्रशिक्षणात सोपा हिशेब शिकवतात: गाडीच्या लांबीच्या दर ३ मीटरला एक सेकंद, आणि वेग ताशी ६५ च्या वर असेल तर आणखी एक. १८ मीटरच्या गाडीला सात सेकंद होतात. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा. त्या मोकळ्या जागेत गाड्या घुसतात, ही तक्रार सगळ्यांची. घुसू द्या. अॅक्सिलरेटरवरून पाय उचला आणि अंतर पुन्हा तयार करा. दिवसभर असं केलं तरी मिनिटंच जातात.

वळणावर ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत. ती आतून जातात. त्यामुळं चौकात गाडी आधी सरळ थोडी जास्त पुढं न्यायची आणि मग वळवायची. वळताना सगळा वेळ आतल्या बाजूच्या आरशात बघत राहा, कारण तिथंच सायकलवाला किंवा पायी जाणारा माणूस सापडतो. गाडीच्या अगदी समोर काचेखाली, दोन्ही दारांच्या खाली आणि ट्रेलरच्या मागं अशा जागा असतात जिथं उभा माणूस तुम्हाला अजिबात दिसत नाही. सिग्नलवर थांबलात की पुन्हा निघण्याआधी सगळे आरसे एकदा बघून घ्या. थांबलेल्या वेळात कोण येऊन उभं राहिलंय ते कळत नाही.

घाट उतरताना

नव्या ड्रायव्हरला सगळ्यात जास्त जपायला लावणारी जागा हीच. चढ चढताना गाडी दमते, उतरताना ब्रेक दमतात, आणि दमलेले ब्रेक आधी सांगत नाहीत.

ब्रेक सतत दाबून ठेवले की चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, फुगतो आणि लायनिंगपासून, म्हणजे त्याला घासून चाक रोखणाऱ्या पट्टीपासून, दूर जातो. तापलेल्या लायनिंगची पकडही कमी होते. मग तेवढ्याच वेगासाठी पाय जास्त दाबावा लागतो, त्यानं आणखी ताप, आणि शेवटी पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. हे टाळायचं तर काम उतार सुरू होण्याआधी करावं लागतं. माथ्यावर जागा असेल तर थांबा, एक फेरी मारा, हवेचं प्रेशर बघा. मग वेग कमी करून खालचा गिअर टाका आणि त्यातच उतरा. उतारावर गाडी वेगात आल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात तर तो पडत नाही, आणि मधल्या क्षणी गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. ‘ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं’ असं जुने ड्रायव्हर सांगायचे. आजच्या जास्त ताकदीच्या आणि कमी घर्षणाच्या गाड्यांना बऱ्याचदा त्याहूनही खालचा गिअर लागतो.

एग्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर (पायाचा ब्रेक न लावता वेग रोखणारी सोय) असेल तर वेग धरून ठेवायचं मुख्य काम त्याच्याकडं द्या. पायाचा ब्रेक अधूनमधून वापरायचा. समजा त्या उतारासाठी ताशी ४० हा सुरक्षित वेग ठरवला. वेग ४० ला पोचला की ब्रेक ठामपणे लावून ३० ते ३२ पर्यंत आणा, तीन-चार सेकंदांत, आणि पूर्ण सोडून द्या. पुन्हा ४० झाला की पुन्हा तसंच. मधल्या वेळात ब्रेक थंड होतात. रस्ता निसरडा असेल तर मात्र रिटार्डर जपून वापरा, कारण तो फक्त ओढणाऱ्या चाकांना रोखतो. ती चाकं घसरली आणि ट्रेलर मागून ढकलत राहिला तर गाडी मध्ये दुमडते.

उतारावर न्यूट्रल कधीही नाही. त्यात डिझेल वाचतं हा समजही चुकीचा आहे. आजच्या इंजिनात गिअरमध्ये, अॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजेक्टर डिझेल देणंच बंद करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं.

ब्रेकचा जळका वास आला किंवा चाकातून धूर दिसला तर जागा मिळताच थांबा आणि चाकांना आपसूक थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, त्याला तडा जातो. ब्रेक गेलेच, तर पुढं दिसणाऱ्या वाळू-खडीच्या बचाव मार्गात गाडी घालायला कचरू नका. गाडी बाहेर काढायला क्रेन लागेल, माल हलेल, साहेब चिडतील. तो मार्ग त्याच क्षणासाठी बांधलेला आहे. घाट सुरू होतानाच तो कुठं आहे हे पाटीवरून बघून ठेवा.

झोप

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या कामातली क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खाली येते. अनेक देशांत गाडी चालवायची मर्यादाच तेवढी आहे. म्हणजे पहाटे चारला उठलेला ड्रायव्हर रात्री नऊला, एक थेंबही न घेता, त्या अवस्थेत स्टिअरिंगवर असतो.

शरीराचं घड्याळ दोन वेळा माणसाला खाली खेचतं: मध्यरात्रीनंतर दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. या वेळांत तुम्ही तरुण आहात, सवय आहे, इच्छाशक्ती आहे यानं फारसा फरक पडत नाही. शक्य असेल तर पहाटेच्या त्या चार तासांत गाडी उभी राहील अशीच फेरी आखा.

डुलकी कळत नाही, हे नीट समजून घ्या. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपतो. ताशी ८० च्या वेगानं चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते, आणि त्या ९० मीटरवर कुणीही ड्रायव्हर नसतो. त्याआधीच्या खुणा मात्र ओळखता येतात. गेले काही किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. एखादी पाटी चुकते. गाडी पट्ट्याच्या कडेला सरकते आणि आपण झटका देऊन परत आणतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं. उगाच चिडचिड होते. यातली एक खूण दिसली की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. दुसऱ्या खुणेची वाट बघायची नाही.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांचा परिणाम काही मिनिटांचा. झोपेवर इलाज झोपच. सुरक्षित जागी गाडी लावा, चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच १५ ते २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. कॅफीनचा परिणाम सुरू व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळं उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. उठल्या उठल्या गिअर टाकू नका. दहा-पंधरा मिनिटं गाडीभोवती चाला, डोकं पूर्ण जागं होऊ द्या. जागं राहायच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका. त्या थकवा घालवत नाहीत, फक्त तो जाणवू देत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या अनेक साध्या औषधांनीही झोप येते, तेव्हा डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला ‘मी ट्रक चालवतो’ हे आधी सांगा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत हवं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७९ च्या रस्ते वाहतुकीवरच्या करारात सलग चार तासांपेक्षा जास्त नाही, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ड्रायव्हिंग अशी मर्यादा आहे. युरोपीय संघात साडेचार तासांनी ४५ मिनिटांचा थांबा सक्तीचा. अमेरिकेत दहा तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास ड्रायव्हिंग, तेही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत. भारतात १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास सांगायचा; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. जिथं काम करताय तिथला नियम तोंडपाठ ठेवा, आणि लक्षात असू द्या की ही वरची मर्यादा आहे. तास शिल्लक आहेत म्हणून अंगात ताकद शिल्लक आहे असं नव्हे.

मुक्कामाची जागा दुपारीच ठरवा

संध्याकाळ झाली की ट्रकतळ भरतात. तास संपत आलेले, जागा नाही आणि अंधार पडतोय, अशा कात्रीत नवा ड्रायव्हर महामार्गाच्या कडेला गाडी लावतो. मागून येणाऱ्या झोपाळू ड्रायव्हरला ती चालती गाडी वाटते. असं करू नका. दुपारच्या थांब्यावरच रात्रीच्या दोन जागा ठरवा: एक हवी ती, आणि तिच्या तासभर अलीकडची दुसरी. मनात शंका असेल तर अलीकडच्या जागी थांबा.

जागा सपाट आणि उजेडाची बघा. रेफ्रिजरेटेड गाडीच्या शेजारी लावलंत तर तिचं मशिन रात्रभर आवाज करत राहील. दारापाशी आणि वळणावर लावू नका, तिथं लोक रिव्हर्स घेताना धक्का देतात. केबिन अंधारी आणि थंड ठेवा, कानात बोळे घाला, फोन हाताबाहेर ठेवा. इंजिन रात्रभर चालू ठेवून झोपू नका. तासाला दोन-तीन लिटर डिझेल तर जातंच, आणि धूर केबिनमध्ये शिरायचा धोका असतो. गाडीत काय माल आहे हे अनोळखी माणसाला सांगायचं नाही, कितीही आपुलकीनं विचारलं तरी.

रिव्हर्स

ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंग उलटं वाटतं. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवा. मग हात ज्या बाजूला सरकवाल त्या बाजूला ट्रेलरचं मागचं टोक जातं. शक्यतो आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या बाजूनं मागं घ्या. त्यासाठी आवाराला एक फेरी मारावी लागली तरी चालेल.

सुरुवात करण्याआधी उतरून जागा बघा: जमीन, वरच्या तारा, छपराची कड, बाजूचे खांब. मध्ये शंका आली की पुन्हा उतरा. चार वेळा उतरलात तर चार वेळा. मागून मदत करणारा माणूस असेल तर इशारे आधी ठरवा, आणि तो आरशातून दिसेनासा झाला की त्याच क्षणी थांबा. भोवती लोक बघत असतात, हॉर्न वाजवतात, आणि लाजेपोटी घाई होते. मला विचाराल तर ज्याच्या रिव्हर्सला वेळ लागतो पण काही लागत नाही, त्याच्या हाती मी गाडी बिनधास्त देईन.

माल उतरवताना, आणि वाट बघताना

या कामात वाट बघण्यात किती वेळ जातो हे आधी कुणी सांगत नाही. गेटवर पोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लगेच वहीत लिहा. जमल्यास गेटवरच्या माणसाची सही किंवा शिक्का घ्या. थांबल्याचे पैसे मिळणार असतील तर ते याच नोंदीवर मिळतात.

उशीर होतोय हे ऑफिसला तिथंच, वाट बघत असतानाच कळवा. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते. सरळ बोलायचं: ‘साहेब, गाडी दहापासून गेटवर आहे, अजून नंबर लागलेला नाही. आज अमुक ठिकाणापर्यंतच पोचेन, पुढचं सकाळी.’ पलीकडून दबाव आला तर तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगा आणि मेसेज करून ठेवा. थांबलेल्या तासांची भरपाई रस्त्यावर वेगानं किंवा रात्रीच्या झोपेतून करायची नसते. नव्या माणसाला हे बोलणं जड जातं याची मला जाणीव आहे. म्हणून वाक्य आधीच तयार ठेवा.

कागदावर सही करण्याआधी नग मोजा, सीलचा नंबर कागदाशी जुळवून बघा, भिजलेला किंवा फाटलेला नग दिसला तर कागदावर लिहा आणि फोटो काढा. मोजू दिलं नाही तर ‘मोजणी करू दिली नाही’ असंच सहीशेजारी लिहा.

गाडी बंद पडली तर

धोक्याचे दिवे लावा, गाडी जितकी बाहेर घेता येईल तितकी घ्या, चमकणारं जॅकेट घाला आणि रहदारीच्या विरुद्ध बाजूनं उतरा. नियमाला मान्य असेल तिथं इशाऱ्याचा चमकणारा त्रिकोण मागं किमान ५० मीटरवर ठेवा, वेगवान रस्त्यावर त्याहून बराच मागं, आणि वळण असेल तर वळणाच्याही आधी. मग गाडीपासून आणि रस्त्यापासून लांब उभे राहा. हवा कमी असताना बराच अंतर चाललेला टायर नुसता हवा भरून पुन्हा वापरायला घेऊ नका. त्याच्या बाजूच्या आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि हवा भरताना तो फाटतो. ते काम जाळीचा पिंजरा असलेल्या टायरवाल्याकडंच.

अंगाची देखभाल

केबिनमधून उडी मारायची नाही. गाडीकडं तोंड करून, दोन पाय-एक हात किंवा दोन हात-एक पाय असे तीन टेकू सतत ठेवून उतरायचं. तासन्‌तास बसल्यावर सांधे आखडलेले असतात आणि घोटा, गुडघा त्याच उडीत जातो. सीट अशी लावा की क्लच पूर्ण दाबला तरी पाठ मागं टेकलेली राहील. पाणी कमी पिऊन थांबे वाचवू नका, त्यानं डोकं दुखतं आणि थकवा येतो. प्रत्येक थांब्यावर दहा मिनिटं चाला. रात्री मोठ्यानं घोरत असाल आणि पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंग येत असेल तर डॉक्टरांकडून झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या. या आजारावर उपचार आहेत आणि त्यानंतर गाडी चालवता येते.

घरी फोन करायची वेळ ठरवून ठेवा, आणि ती गाडी उभी असतानाची असू द्या. घरच्यांनाही सांगा की उचलला नाही तर मी चालवतोय, थांबलो की करतो.

फेरी संपल्यावर

चावी देण्याआधी गाडीला पुन्हा एक फेरी मारा आणि वाटेत जे जाणवलं ते लिहून द्या: ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते, अमुक टायर रोज थोडा उतरतो, आरसा हलतो. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. लिहिलेल्या कागदाचा फोटो स्वतःजवळ ठेवा आणि पुढच्या फेरीआधी तोच कागद काढून प्रत्येक गोष्ट दुरुस्त झाली का ते तपासा. ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरची नोंद तशीच राहिली असेल तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका, आणि न काढण्याचं कारणही लिहूनच द्या.